काटा वर येत नाही? आदल्या रात्रीची तयारी

गाडी तापली की आपण लगेच कडेला थांबतो, बोनेट उघडतो. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा वर येतच नाही तेव्हा मात्र कुणी थांबत नाही, उलट ‘इंजिन थंड चालतंय, बरंय की’ म्हणतात. बरं अजिबात नाही. बहुतेक इंजिनं ८५ ते ९५ अंशांच्या आसपास चालावीत अशीच बनवलेली असतात. त्याच्या खाली रेंगाळलं की इंधन जास्त जातं, अ‍ॅव्हरेज पडतं, पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलमधली वाफ उडून जायच्या ऐवजी तिथेच मुरते. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पिवळट थर दिसतो तो यामुळेही येतो.

दोष घरी शोधता येतो. अट एकच: सुरुवात पूर्ण गार इंजिनावर व्हायला हवी, म्हणजे दिवसातून एकच संधी. म्हणून सगळी जमवाजमव आदल्या रात्री.

गाडी सपाट, उघड्या जागेत लावा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवून तपासणी करायची नाही, धूर जीव घेतो. जवळ ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारं यंत्र) ठेवा आणि मोबाइलला रात्रीच जोडून बघा. डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. पुष्कळ गाड्यांत तो मोठ्या पल्ल्यात मधोमधच उभा असतो. सॉकेटचे पाने, पक्कड, टॉर्च, जुनी फडकी, पसरट घमेलं, गाडीच्या पुस्तकात सांगितलेला कूलंट (इंजिनातून फिरून उष्णता रेडिएटरकडे नेणारा द्रव) आणि डिस्टिल्ड वॉटर. नळाचं पाणी नको, क्षार साचतात. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा वॉल्व्ह. नवा आणायचाच असेल तर त्यावर कोरलेला आकडा, म्हणजे तो उघडतो ते तापमान, जुन्याशी ताडून घ्या. ८२ च्या जागी ७६ चा बसवला तर तक्रार तशीच राहील. सोबत सांधा गळू नये म्हणून नवं गॅस्केट किंवा ओ-रिंग हवीच.

सकाळी किल्ली फिरवण्याआधी दोन गोष्टी. पहिली, कूलंटची पातळी. कमी असेल तर तिचं तापमान मोजणारा सेन्सर हवेत लटकतो आणि इंजिन तापलेलं असतानाही थंडच दाखवतो, हा फसवा आणि धोक्याचा प्रकार आहे. दुसरी, इंजिन सुरू न करता स्कॅनरवर कूलंटच्या तापमानाचा आकडा. रात्रभर उभी गाडी बाहेरच्या हवेइतकीच असायला हवी. निफाडकडे जानेवारीच्या पहाटे हवा ७ अंश असेल आणि स्कॅनर उणे ३० म्हणत असेल, तर इंजिन सोडा, सेन्सरचा कनेक्टर आणि वायर बघा.

मग एसी बंद ठेवून इंजिन सुरू करा. गार इंजिनावर फॅन लगेच फिरायला लागला तर रिले (फॅनचा विजेचा स्विच) चिकटला आहे किंवा सेन्सरच्या बिघाडामुळे कंप्युटरनेच तो चालू ठेवला आहे. जुन्या जीपसारख्या गाडीत फॅन पट्ट्यावर असतो, तिथे व्हिस्कस क्लच (गरजेपुरताच फॅन जोरात फिरवणारा जोड) जाम झाला का ते पाहायचं. ओढणी, उपरणं, सैल बाही लांब. आता रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) वरून हात लावून बघत राहा. थर्मोस्टॅट शाबूत असेल तर तो बराच वेळ गार राहतो आणि कोरलेल्या आकड्याच्या पुढे एकदम गरम होतो. पहिल्या दोन-तीन मिनिटांपासून हळूहळू कोमट होत गेला तर वॉल्व्ह उघडा अडकला आहे. (काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या होजवर असतो, तिथे खालचा बघा.) स्कॅनरवर पी ०१२८ हा कोड (कूलंट हवा तितका तापत नाही अशी खूण) असेल तर संशय आणखी पक्का. स्कॅनर ९० दाखवतोय आणि काटा तळाशीच, असं असेल तर दोष काट्याचा.

थर्मोस्टॅट काढायचा तो इंजिन पुन्हा पूर्ण गार झाल्यावरच. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. कूलंट घमेल्यात घ्या आणि लगेच झाका. चवीला गोड असतो, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात.

माझ्या जुन्या घेतलेल्या गाडीचं हाउसिंग, म्हणजे थर्मोस्टॅटचं घर, उघडलं तेव्हा आत नुसतं गॅस्केट होतं, वॉल्व्हच नव्हता. आधीच्या कुणीतरी गाडी तापते म्हणून काढून फेकला होता. आपल्याकडे हा उपाय सर्रास करतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण मूळ दोष तसाच राहतो. शिवाय काही इंजिनांत हाच वॉल्व्ह तापल्यावर बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो नसला तर पाणी रेडिएटर चुकवून फिरतं आणि घाट चढताना गाडी जास्तच तापते.

वॉल्व्ह सापडला तर वाया गेलेल्या पातेल्यात पाणी घ्या, तो दोऱ्याने लटकवा, शेजारी स्वयंपाकाचा थर्मामीटर. तळाला टेकू देऊ नका. गार पाण्यातच फट दिसली तर निकाल लागला. बरा असेल तर कोरलेल्या आकड्याजवळ आतलं मेण फुगून तबकडी सावकाश उचलली जाते.

नवा बसवताना हवा सुटायची बारीक पिन वरच्या बाजूला ठेवा. बोल्ट लहान आणि हाउसिंग अ‍ॅल्युमिनियमचं, म्हणून जोर लावू नका. हीटर पूर्ण गरमवर ठेवून कूलंट सावकाश भरा, बुडबुडे थांबेपर्यंत.

मग एक लांब उतार. आम्ही नाशिककर कसारा घाट उतरतो. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढल्यावर पूर्वी माझा स्कॅनरवरचा आकडा ६० च्या खाली जायचा, आता ८० च्या वर टिकतो. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पातळी पुन्हा बघा. अडकलेली हवा निघून गेली की ती थोडी उतरते.