जहांगीरमध्ये चित्राबद्दल इंग्लिशमधून बोलायचंय? मग ॲडजेक्टिव्ह आणि ॲडव्हर्ब नीट लावा

काळाघोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीमध्ये ग्रुप शो, म्हणजे बऱ्याच चित्रकारांचं एकत्र प्रदर्शन, लागला की लोक येतात, चित्रासमोर उभे राहतात आणि इंग्लिशमधून विचारायला लागतात, आणि आपली मराठी मीडियमची गुणी मुलं, ज्यांच्या हातात खरंच जादू आहे, ती ‘व्हेरी नाइस कलर्स’ म्हणून गप्प होतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण मराठीत हीच मुलं अर्धा अर्धा तास रंगांवर बोलू शकतात. अडतं ते थोड्याच ठिकाणी, तेवढं बघून घेऊया.

मुळात गोची अशी आहे की मराठीत आपण ‘सुंदर चित्र’ म्हणतो आणि ‘सुंदर काढलंय’ पण म्हणतो, शब्द तोच, काही बदलायचं नाही. इंग्लिशमध्ये बदलावं लागतं. म्हणून बोलायच्या आधी मनात विचारा, मी वस्तूबद्दल बोलतोय की करण्याबद्दल? चित्र, रेष, रंग, मूर्ती यांच्याबद्दल असेल तर ॲडजेक्टिव्ह, म्हणजे विशेषण: ‘ए ब्यूटिफुल लाइन’. कसं काढलं, कसं कोरलं, कसं लावलं याबद्दल असेल तर ॲडव्हर्ब, म्हणजे क्रियाविशेषण: ‘शी ड्रॉज ब्यूटिफुली’. चित्रकार वासुदेव गायतोंडेंचं उदाहरण घ्या, ते रोलर आणि पॅलेट नाइफने काम करायचे, वर्षाला मोजकीच चित्रं करायचे, तर ‘ही पेंटेड स्लोली’ आणि ‘इट वॉज ए स्लो प्रोसेस’. दोन्ही बरोबर, पण पहिल्यात करणं आहे आणि दुसऱ्यात प्रोसेस ही गोष्ट आहे.

आता खरी चूक कुठे होते ते सांगतो. वरचा नियम पाठ केला की मुलं सगळ्याच क्रियापदांपुढे ‘ली’वाला शब्द लावत सुटतात आणि ‘द कलर्स लुक ब्राइटली’ म्हणतात. हे चुकलं. लुक, सीम, फील, अपिअर ही क्रियापदं इथे काही करत नाहीयेत, ती फक्त रंग कसा आहे हे सांगतायत, म्हणून ‘द कलर्स लुक ब्राइट’, ‘द फेस सीम्स काम’, ‘द सरफेस फील्स रफ’. पण माणूस चित्राकडे निरखून बघतोय तेव्हा लुक म्हणजे खरंच बघणं, तिथे ‘लुक क्लोजली’ येणार. ओळखायचं कसं? क्रियापद काढून तिथे ‘इज’ किंवा ‘आर’ ठेवा. ‘द कलर्स आर ब्राइट’ जमतंय ना, मग ॲडजेक्टिव्ह. ‘आय ॲम क्लोज ॲट द पेंटिंग’ जमत नाही, मग ॲडव्हर्ब. एवढी एकच चाचणी पक्की केली तरी निम्म्या चुका जातील असं माझं मत आहे.

दुसरी भानगड जागेची. आपण ‘ती रंग सुंदर वापरते’ म्हणतो, म्हणजे ‘सुंदर’ क्रियापदाला चिकटून, आणि तसंच उचलून ‘शी यूजेस ब्यूटिफुली कलर’ होतं. इंग्लिशमध्ये क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये ॲडव्हर्ब घुसवत नाहीत, तो शेवटी टाका, ‘शी यूजेस कलर ब्यूटिफुली’. मात्र कोरलेलं, रंगवलेलं असं विशेषण असेल तर ॲडव्हर्ब त्याच्या आधी येतो. घारापुरीच्या त्रिमूर्तीसमोर उभं राहून ‘ए ब्यूटिफुली कार्व्ड स्कल्प्चर’ म्हणा, ‘ब्यूटिफुल कार्व्ड’ नको, कारण इथे कोरणं सुंदर आहे हे सांगायचंय.

ॲडजेक्टिव्ह दोन-तीन असले तर त्यांचा क्रम पण ठरलेला असतो: आधी तुमचं मत, मग आकारमान, मग जुनं-नवं, मग रंग, मग कशाचं बनलंय ते. भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे, तो ‘ए ह्यूज ओल्ड स्टोन एलिफंट’, ‘स्टोन ओल्ड ह्यूज’ म्हटलं तर कानाला खटकतं. चित्रकार रझांच्या चित्रातल्या बिंदूला, म्हणजे त्या काळ्या वर्तुळाला, ‘ए पॉवरफुल ब्लॅक सर्कल’. आणि छोटे छोटे ठिपके म्हणजे ‘स्मॉल स्मॉल डॉट्स’ नाही, ‘टायनी डॉट्स’ म्हणा, ‘डिफरंट डिफरंट कलर्स’ पण नको, ‘मेनी डिफरंट कलर्स’ बास.

काही शब्द फसवे आहेत. ‘हार्डली’ म्हणजे मेहनतीने नाही, जवळजवळ नाहीच, म्हणून ‘ही वर्क्ड हार्डली’ म्हणालात तर चित्रकाराचा अपमान होईल, ‘ही वर्क्ड हार्ड’ म्हणा. पण ‘ही हार्डली यूजेस रेड’ मस्त वाक्य आहे, लाल क्वचितच वापरतो. ‘लाइव्हली’च्या शेवटी ली असली तरी ते ॲडजेक्टिव्ह आहे, ‘लाइव्हली लाइन्स’. ‘लेट वर्क’ म्हणजे कलाकाराच्या शेवटच्या काळातलं काम, ‘लेटली’ म्हणजे हल्ली. ‘आय ॲम इंटरेस्टिंग इन रझा’ तर कृपया कधीच नको, तुम्ही ‘इंटरेस्टेड’, चित्र ‘इंटरेस्टिंग’. आणि ‘टू’ जपून वापरा. मुंबईत ‘टू गुड’ म्हणजे कौतुक हे सगळ्यांना कळतं, पण बाहेरच्या पाहुण्याला ‘द येलो इज टू ब्राइट’ म्हणालात तर त्याला वाटेल पिवळा तुम्हाला खुपतोय, तिथे ‘व्हेरी ब्राइट’ म्हणा. मॅग्निफिसंट, स्टनिंग यांचा जोर आधीच फुल असतो, त्यांना ‘व्हेरी’ लावू नका, फार वाटलं तर ‘ॲब्सोल्यूटली स्टनिंग’.

‘नाइस’ने काहीच कळत नाही हो. रंग कसा आहे ते सांगा: वॉर्म, म्यूटेड (दबका), अर्दी (मातकट), पेल (फिकट). रेष: डेलिकेट, बोल्ड, नर्व्हस. रंग कसा लावलाय: थिकली, थिनली, लूजली. ‘सटल’, म्हणजे सूक्ष्म, हळुवार, हा शब्द तर नक्की ठेवा, त्यातला बी उच्चारायचा नाही, आणि ॲडव्हर्ब ‘सटली’.

प्रॅक्टिस करायची तर एनजीएमएला, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टला जा, एका चित्रासमोर उभे राहा आणि पाच वाक्यं बोला, तीन वस्तूबद्दल, दोन करण्याबद्दल, आधी मराठीत मग इंग्लिशमध्ये, आणि मोठ्याने बोला, मनात नको. सोमवारी एनजीएमए बंद असतं, तेव्हा शेजारी जहांगीरला जा, तिथे तिकीटही नाही, आणि नशिबाने चित्रकार स्वतः तिथे बसलेला असतो, त्याच्याशीच बोलून बघा.