एकटीने लॉजवर राहायची वेळ आली तर: बुकिंगपासून चेकआऊटपर्यंत काय काय बघायचं

हे परदेशात सोलो ट्रिपला जाणाऱ्या मुलींसाठी लिहीत नाहीये, त्यांनाही चालेल म्हणा, पण माझ्या डोळ्यासमोर आहे ती परीक्षेसाठी लातूरहून पुण्याला जाणारी मुलगी, ऑडिटसाठी जळगावला दोन रात्री राहावं लागणारी बाई, नाहीतर पोरं मोठी झाली म्हणून पहिल्यांदाच एकटी गणपतीपुळ्याला निघालेली मावशी. मोठ्या हॉटेलात लॉबी असते, कॅमेरे असतात, रात्रभर काउंटरवर माणूस असतो. खरा प्रश्न येतो तो हजार-दीड हजाराच्या लॉजवर, आणि आपल्यापैकी बहुतेकजणी राहतात तिथेच.

बुकिंगच्या आधी

मॅपवर हॉटेल काढलं की नुसते स्टार बघू नका. रिव्ह्यू आधी नवीन वरती असे लावा, मग सगळ्यात कमी स्टारवाले वाचा. रिव्ह्यूमधे शब्द टाकून शोधता येतं, तिथे लेडीज, फॅमिली, सोलो असं काय काय टाकून बघा. फोटो हॉटेलवाल्यांचे सोडून गेस्टनी टाकलेले बघायचे, त्यात दाराची कडी, बाथरूमची खिडकी, बाहेरचा रस्ता हे सगळं नकळत आलेलं असतं. खाली परमिट रूम आणि वर लॉजिंग अशी जागा असेल तर मी तरी टाळते, माणसं वाईट असतात म्हणून नाही, पण रात्री अकराला तो जिना चढायचा कोणी.

मग फोन करा, अॅपवरून बुक करणार असाल तरी करा. सरळ विचारा, "एकट्या लेडीजना रूम देता ना?" सज्ञान बाईला एकटी आहे म्हणून रूम देऊ नये असा कुठलाही कायदा नाही, तरी काही लॉजवाले "फॅमिली असेल तरच" म्हणून दारातून परत पाठवतात, आणि हे रात्री नऊला बॅग हातात घेऊन कळण्यापेक्षा आठवडाभर आधी फोनवर कळलेलं बरं. हो म्हणाले तर व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. आणि समोरचा बोलतो कसा ते ऐका. आयडी कुठलं लागेल, किती वाजता याल हे विचारणं ठीक आहे, पण "एकट्याच का, मिस्टर नाहीत का" असं सुरू झालं की ते लॉज यादीतून कट.

देवस्थानांच्या भक्तनिवासाचं वेगळं असतं. काही ठिकाणी एकट्या माणसाला, बाई असो की पुरुष, खोली देतच नाहीत, तेव्हा आधी विचारा. आणि विचारताना नंबर संस्थानच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, कारण भक्तनिवासाच्या नावाने खोट्या साइट काढून अॅडव्हान्स उकळणारे भरपूर आहेत. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन, जितका उशीर तितके ते परत मिळायचे चान्स कमी.

एमटीडीसीचे रिसॉर्ट (गणपतीपुळे, तारकर्ली, भंडारदरा वगैरे) किंवा गोव्यात जीटीडीसीच्या रेसिडेन्सी हा साधा सरकारी पर्याय आहे, फार चकचकीत नसतो पण तक्रार करायला वर कोणीतरी असतं. फक्त कॉटेजवाल्या जागी रूम लांब लांब असतात, तेव्हा ऑफिसजवळची द्या म्हणून आधीच सांगून ठेवा.

पोचायची वेळ

यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. तिकीट हॉटेल बघून काढू नका, उजेड बघून काढा. विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी मुंबईतून निघते आणि नागपूरला सकाळी चांगलं उजाडल्यावर सोडते, तशी गाडी धरा. कोकणकन्येने गोव्याला जाणाऱ्यांना अडचण नाही, पण रत्नागिरीत ती पहाटे अंधारातच येते आणि स्टेशन गावाबाहेर आहे, तेव्हा घाईघाईत मिळेल ती रिक्षा पकडण्यापेक्षा महिलांच्या वेटिंग रूममधे उजाडेपर्यंत बसा, चहा प्या. मेल-एक्सप्रेसला स्लीपरमधे एकट्या बायकांसाठी सहा बर्थचा लेडीज कोटा असतो, बुकिंग करताना कोट्याच्या यादीत तो निवडायचा, कितीतरी जणींना हे माहितीच नसतं. गाडीत काही त्रास झाला तर रेल्वेची हेल्पलाइन १३९.

एसटीने जाताना तिकीट अर्धं लागतं हे सगळ्यांना पाठ आहे, आता पुढचं पण पाठ करा. गाडी कुठे लागलीय हे चौकशी खिडकीवर किंवा गणवेशातल्या कंडक्टरला विचारायचं, बस. फेब्रुवारी २०२५ मधे पुण्यात स्वारगेट स्टँडवर पहाटे एका मुलीवर बलात्काराची जी केस झाली त्यातली तक्रार हीच होती, तुमची गाडी इथे नाही तिकडे लागलीय असं सांगून त्या मुलीला बाजूला उभ्या रिकाम्या शिवशाहीत नेलं. माणूस "ताई ताई" करून बोलत असला तरी अंधारातल्या रिकाम्या गाडीत चढायचं नाही, गाडी चुकली तर चुकली.

लोकेशनबद्दल एक बारीक गोष्ट. व्हॉट्सअॅपचं लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त आठ तास चालतं. रात्री नऊला चालू करून झोपलात तर पहाटे पाचला बंद, म्हणजे नेमकं उतरायच्या वेळी घरच्यांना काही दिसत नाही. लांबचा प्रवास असेल तर गूगल मॅपवरून शेअर करा, ते आपण बंद करेपर्यंत चालू राहतं. पॉवर बँक हे तर सांगायला नकोच.

काउंटरवर

आधारची साधी झेरॉक्स देत बसू नका. ई-आधार डाउनलोड करताना मास्क्डचा पर्याय असतो, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, तो प्रिंट न्या, नाहीतर लायसन्स द्या. झेरॉक्सवर "फक्त हॉटेल चेक-इनसाठी" आणि तारीख असं आडवं लिहून टाका, काउंटरवाला बघत राहिला तरी.

रूम नंबर मोठ्याने पुकारला आणि मागे चार लोक उभे असतील तर दुसरी रूम मागा. हो, खरंच मागा. आपल्याला इथेच भीड पडते, त्या माणसाला काय वाटेल म्हणून, आणि भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. तळमजला नको, गच्चीला लागून नको, कॉरिडॉरच्या अगदी टोकाची नको, पहिला-दुसरा मजला आणि लिफ्टपासून फार लांब नाही अशी बघा. शेजारच्या रूममधे उघडणारं मधलं दार असेल तर नको. एकट्याच आहात का असं कोणी विचारलं तर "नाही, भाऊ येतोय उशिरा" असं बिनधास्त सांगा, या खोट्याचं पाप लागत नाही.

रूममधली पहिली दहा मिनिटं

सामान आणणाऱ्या मुलाला म्हणायचं, "दादा, दोन मिनिटं बाहेर थांबा, बघून घेते." दार उघडंच ठेवून बाथरूम, कपाट, पडद्यामागे, बाल्कनीचं दार बघून घ्या. मग आतली कडी लावून दार ओढून बघायचं, स्क्रू ढिले आहेत का ते एका झटक्यात कळतं. कडी धड नसेल तर रूम बदला, उद्या दुरुस्त करतो यावर थांबू नका.

जुन्या लॉजमधे दाराला बाहेरून पण कडी असते आणि कुलूप लॉजचं, म्हणजे दुसरी किल्ली त्यांच्याकडे. आपलं छोटं कुलूप न्या, चालेल का विचारून दिवसा बाहेर जाताना तेच लावा. बाहेरच्या कडीमुळे कोणी बाहेरून लावून घेतली तर आपण आत अडकतो, म्हणून काउंटरचा मोबाईल नंबर सेव्ह केल्याशिवाय झोपायचं नाही. दाराखाली सरकवायचा रबरी डोअर स्टॉपर स्वस्तात मिळतो, माझ्या मते पेपर स्प्रेपेक्षा तो जास्त कामाचा, स्प्रे तर विमानात हँडबॅगेत नेऊ पण देत नाहीत. फक्त फरशी ओली असेल किंवा दार बाहेरच्या बाजूला उघडत असेल तर त्याचा उपयोग नाही.

बाथरूमचा व्हेंटिलेटर नीट बघा. काचेच्या पट्ट्यांचा असतो, त्यातली एखादी निघालेली असते आणि पलीकडे डक्ट नाहीतर कॉमन गॅलरी. पेपर आणि चिकटपट्टी लावून बंद करून टाका.

कॅमेरा शोधायचं म्हणाल तर लाइट बंद करून मोबाईलच्या टॉर्चने हळूहळू सगळीकडे फिरवा, लेन्स असेल तर बारीक चमक दिसते. बेड आणि बाथरूमकडे तोंड केलेल्या वस्तू आधी बघा: स्मोक डिटेक्टर, घड्याळ, सेट टॉप बॉक्स, नाइट लॅम्प, कपडे अडकवायचा हुक, आणि उगाचच सॉकेटमधे खोचून ठेवलेला चार्जर, तो काढूनच टाका. कॅमेरा शोधून देणाऱ्या अॅपवर माझा फारसा विश्वास नाही. काही सापडलंच तर हात लावू नका, व्हिडिओ काढा, सामान घेऊन बाहेर या आणि पोलिसांचा इमर्जन्सी नंबर ११२ लावा. असं चोरून बघणं किंवा शूट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्यांदाच सापडला तरी एक ते तीन वर्षं शिक्षा. मॅनेजर "मिटवून टाकू" म्हणेल, मिटवायचं नाही.

बाहेर पडायचा जिना कुठे आहे आणि त्याचं दार उघडं असतं का, हेही एकदा चालत जाऊन बघा. आग लागली की लिफ्ट उपयोगाची नाही.

रात्री

दार वाजलं की उघडायचं नाही, आधी आतूनच विचारायचं. "पाणी आणलंय", "गिझर बघायचाय", काहीही सांगू दे, आपण मागवलं नसेल तर काउंटरला फोन करून खात्री करायची. रात्री रूमच्या फोनवर रिसेप्शनमधून बोलतोय म्हणून कार्ड नंबर किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवा आणि सकाळी स्वतः खाली जाऊन विचारा. हॉटेलचे फोटो स्टेटसला टाकायचेत ना, खुशाल टाका, पण तिथून निघाल्यावर.

घरच्यांशी एक शब्द ठरवून ठेवा, म्हणजे समोर कोणी उभं असताना पण बोलता येईल. "मावशीचं औषध घेतलं का" असं काहीतरी साधं, की ते ऐकल्यावर घरचे प्रश्न विचारत न बसता कामाला लागतील.

काही बिनसलंच तर

११२ सगळीकडे चालतो, महिला हेल्पलाइन १८१. फोनचं पॉवर बटण पटापट दाबलं की इमर्जन्सी कॉल लागतो, कुठल्या फोनला तीनदा, कुठल्याला पाचदा, ते घरी बसून सेटिंगमधे बघा, तिकडे जाऊन शिकायची गोष्ट नाही. पोलिस स्टेशनला "ही आमची हद्द नाही" म्हणाले तर झिरो एफआयआर मागा, कुठल्याही स्टेशनला नोंदवता येते, ते पुढे योग्य ठिकाणी पाठवतात.

निघताना

चार्जर, बाथरूममधला टॉवेल, आपलं कुलूप बघून घ्या, घरी मेसेज टाका. आणि गाडीत बसल्यावर त्या लॉजचा रिव्ह्यू लिहा, "स्टाफ चांगला, जेवण छान" असला नको. कडी धड होती का, बाथरूमची खिडकी कुठे उघडते, रात्री काउंटरवर कोण असतं, रिक्षा दारापर्यंत येते का, आणि एकटी आलेय म्हटल्यावर चेहरा कसा झाला, एवढं लिहिलं तरी पुढचीला फोन करायच्या आधीच अर्धी माहिती मिळते.