बांधकामाच्या साइटचा आवाज शेजाऱ्यांच्या घरात जाऊ नये म्हणून काय करायचं

नागपुरात मनीषनगर, बेसा साइडला दोन प्लॉटमध्ये जेमतेम गल्ली असते, म्हणून काम सुरू व्हायच्या आधीच कागदावर नकाशा काढा अन् आजूबाजूच्या बेडरूमच्या खिडक्या, शाळा, दवाखाना सगळं त्यात मार्क करा. मग जनरेटर, मिक्सर अन् सळ्या कापायची मशीन त्यांच्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात टाका, कारण मोकळ्या जागेत अंतर डबल केलं की आवाज साधारण 6 डेसिबलनं उतरतो.

जागाच नसेल तर विटा अन् सिमेंटच्या गोण्यांची थप्पी मशीन अन् खिडकीच्या मधे लावा, पण मशीनला अगदी चिकटून अन् इतकी उंच की खिडकीतून मशीन दिसलीच नाही पाहिजे, मधे फट राहिली तर आवाज तिथूनच निघतो. नुसता पत्रा मारून भागत नाही, तो स्वतःच खडखडतो.

ट्रक एका गेटनं आत अन् दुसऱ्यानं बाहेर, म्हणजे रिव्हर्सचा टीं-टीं बंद.

रहिवासी भागात मर्यादा दिवसा 55, रात्री 10 नंतर 45 डेसिबल आहे. एप्रिल-मेच्या उन्हात लेबर पहाटेच काम मागतात, त्यांचं बरोबरच आहे, पण तेव्हा विटांचं काम, प्लास्टर घ्या, कटर अन् काँक्रीट फोडायचा ब्रेकर नको.