टाकीतील मासे एकत्र ठेवताना या चुका टाळा

दुकानातील एकाच टाकीत एंजल, निऑन, गप्पी आणि गोल्डफिश पोहताना दिसतात, म्हणून तेच मासे आपल्या घरीही गुण्यागोविंदाने नांदतील असे आपण गृहीत धरतो आणि बहुतेक चुकांची सुरुवात तिथेच होते. दुकानातील मासे बहुधा पिले असतात, त्यांचा तिथला मुक्काम काही दिवसांचा असतो आणि दाटी इतकी असते की कोणालाही स्वतःची हद्द आखता येत नाही. घरी आल्यावर त्यांना जागा मिळते, पोटभर खाणे मिळते, निवांत महिने मिळतात, आणि मग त्यांचा मूळ आकार व मूळ स्वभाव दिसू लागतो. त्यामुळे मासा विकत घेण्यापूर्वी तो वर्षभराने केवढा होईल, हे आधी जाणून घ्यावे.

माझ्या पहिल्या टाकीत रुपयाच्या नाण्याएवढे दोन एंजल आणि अकरा निऑन टेट्रा होते. दोन्ही जाती शांत आहेत असे दुकानदाराने सांगितले होते आणि ते खोटेही नव्हते, कारण पहिले सहा-सात महिने कोणी कोणाच्या वाटेला गेले नाही. एके सकाळी दिवा लावला तेव्हा निऑन नऊच होते, आणि मोठ्या एंजलच्या मिटलेल्या तोंडातून तांबड्या शेपटीचे टोक बाहेर आलेले होते. एंजलला यासाठी क्रूर ठरवणे चुकीचे आहे. पूर्ण वाढलेला एंजल सुमारे १५ सेंटिमीटरचा होतो, निऑन जेमतेम साडेतीन-चार सेंटिमीटरचा आणि अंगाने सडपातळ असतो, आणि जो मासा तोंडात मावतो तो मोठ्या माशासाठी खाद्यच असतो. ही शिकार बहुतेकदा रात्री किंवा पहाटे होते, त्यामुळे मालकाला भांडण कधी दिसतच नाही, फक्त संख्या कमी होत जाते. एंजलसोबत तळाशी वावरणारे कोरीडोरास किंवा, टाकी चार फुटी असेल तर, काँगो टेट्रांसारखे अंगाने भरलेले मासे ठेवणे अधिक सुरक्षित असते.

दुसरी नेहमीची चूक गोल्डफिशच्या बाबतीत होते. हा थंड पाण्याचा मासा असून १८ ते २२ अंश सेल्सिअसच्या आसपास तो सुखी असतो, तर गप्पी, गोरामी, एंजल यांना २४ ते २८ अंशांची ऊब लागते. दोघांना एकत्र ठेवून हीटर लावला तर गोल्डफिश हाफतो आणि न लावला तर पुण्या-नाशिकच्या थंडीत उष्ण प्रदेशातील मासे मलूल होतात. शिवाय गोल्डफिश भरपूर खातो व भरपूर विष्ठा टाकतो, त्यामुळे पाण्यातील अमोनिया हे विषारी द्रव्य झपाट्याने वाढते. त्याला गोल्डफिशचीच सोबत द्यावी.

परांचे लचके तोडण्याची तक्रार टायगर बार्बविषयी सर्वाधिक ऐकू येते. यात माशाच्या स्वभावाइतकाच दोष संख्येचा असतो. हा थव्याने राहणारा मासा आहे आणि थव्यातील वरचढपणाची चढाओढ आपसातच चालते, पण दोन-तीनच बार्ब आणले की ती सारी खोडी शेजाऱ्यांच्या लांब परांवर उतरते. आठ-दहांचा थवा ठेवल्यास ही खोडी बरीच निवळते. तरीही एंजल, फॅन्सी गप्पी किंवा फायटर यांच्यासारखे लांब परांचे, संथ मासे त्यांच्याबरोबर ठेवूच नयेत. फायटरचे तर दुहेरी आहे: बार्ब त्याचे पर कुरतडतात, आणि तो स्वतः रंगीत, मोठ्या शेपटीच्या नर गप्पीला प्रतिस्पर्धी समजून कल्ले फुगवत त्याच्यावर धावून जातो. दोन नर फायटर एका टाकीत ठेवणे म्हणजे एकाचा जीव घालवणे होय.

स्वभाव जुळला तरी पाणी जुळेलच असे नाही. मॉली, प्लॅटी आणि गप्पींना जड, म्हणजे जास्त क्षारांचे पाणी मानवते, निऑनला मऊ, म्हणजे कमी क्षारांचे. ज्या सोसायटीत बोअरवेलचे पाणी येते, तिथे निऑन वारंवार मरतात आणि मॉली मात्र पिलांवर पिले घालते, याचे कारण अनेकदा एवढेच असते. आफ्रिकेतील मलावी सरोवरातले सिक्लिड जातीचे मासे जड, अल्कधर्मी पाण्यातले आणि भांडखोर असतात, त्यांची टाकी वेगळीच असावी.

काच साफ करतो म्हणून सकर मासा प्रत्येक टाकीत सोडला जातो, याचे मला फार वाईट वाटते. बोटाएवढा आणलेला सामान्य सकर ४० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो, दोन फुटी टाकीत त्याला वळताही येत नाही, आणि उपाशी असला की तो रात्री संथ गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्याचा बुळबुळीत संरक्षक थर खरवडून खातो. मग कंटाळलेला मालक त्याला नदीत किंवा तळ्यात नेऊन सोडतो. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ प्रदेशासह देशातील अनेक जलाशयांत हा दक्षिण अमेरिकी मासा अशाच मार्गांनी पसरला असून स्थानिक मासळीच्या मुळावर आला आहे. नको झालेला मासा दुकानदाराला किंवा मोठी टाकी असलेल्या परिचिताला द्यावा, पाण्यात कधीही सोडू नये.

टाकीत बिनसलेच असेल, तर आधी दोष कोणाचा ते शोधावे. सर्वच मासे एकदम मलूल झाले असतील तर भांडणाचा संशय बाजूला ठेवून पाण्यातील अमोनिया आणि त्यापासून बनणारे विषारी नायट्राइट तपासावे. दोन्ही शून्य हवेत. एकाच माशाच्या परांना चावल्यासारख्या खाचा असतील तर शेजारी दोषी असतो. कडा पांढुरक्या होऊन झिजत असतील तर तो परकुजीचा रोग समजावा. दिवा मालवल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी विजेरीच्या मंद उजेडात पाहिले, की दिवसा सज्जन दिसणारा दांडगट सापडतो. त्याला चार-पाच दिवस वेगळे ठेवावे आणि तेवढ्यात दगड, लाकूड, झाडे यांची मांडणी बदलावी. परतल्यावर त्याची जुनी हद्द उरलेली नसते आणि सर्वांना नव्याने जागा वाटून घ्यावी लागते. एवढ्यानेही तो सुधारला नाही तर त्याची टाकी कायमची वेगळी करावी.

नवा मासा आणल्यावर त्याला दोन-तीन आठवडे निराळ्या टाकीत ठेवावे, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांसारखा रोग असल्यास तो तिथेच दिसून येतो. मुख्य टाकीत सोडताना आधी जुन्या माशांना खाऊ घालावे, पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी आणि दिवा मालवून, जाळीने फक्त मासा आत सोडावा, पिशवीतील पाणी नव्हे.