मनी प्लांट पिवळं पडतंय? पाण्याचा तांब्या आधी खाली ठेवा, आणि या चुका टाळा

जुलैतल्या एका सकाळी शेजारच्या काकू कुंडी हातात घेऊनच दारात आल्या. "अगं, रोज पाणी घालतो की मी, तरी मान टाकायलंय बघ." पानं लोंबली होती, खालची चार तर पिवळीधमक. बाहेर आठवडाभर झड लागलेली, दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नव्हते.

जुना पेपर पसरून मी कुंडी आडवी केली आणि रोप मातीसकट बाहेर काढलं. मातीला आंबूस, गटारासारखा वास येत होता. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल पायमोज्यासारखी निघून हातात आली आणि आत उरला केसासारखा एक धागा. चांगलं मूळ पांढरट किंवा फिकट तपकिरी असतं, दाबलं तर टणक लागतं. इथे धड म्हणावीत अशी दोन-तीनच मुळं सापडली.

काकूंनी माया कमी केली नव्हती, उलट जास्त केली होती. पान लोंबलं की आपल्याला वाटतं, रोपाला तहान लागली. पण मुळं कुजली की त्यांना पाणी ओढताच येत नाही, म्हणून चिखलात उभं असलेलं रोपही सुकल्यासारखं दिसतं. वरून दोन्ही सारखंच. फरक कळतो तो मातीत बोट घातल्यावर. माती कोरडी आणि पानं मलूल असतील तर पाणी द्या, तासा-दोन तासांत रोप उभं राहील. माती ओली आणि पानं मलूल असतील तर एक थेंबही घालू नका.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत ती हवा असते. तिथे पाणी भरून राहिलं की मुळं गुदमरतात आणि मग कुजवणारी बुरशी लागते. आपल्याकडे उसाच्या रानात पाणी साचलं की ऊस पिवळा पडतो, म्हणून शेतकरी चर काढून पाणी बाहेर काढतो. घरातल्या कुंडीचं दुखणंही तेच आहे.

रोज पाणी घालणं

"किती दिवसांनी पाणी घालायचं?" असं मला सगळे विचारतात. दिवस ठरवूच नका. माझ्याकडच्या मध्यम कुंडीची माती एप्रिलमध्ये चौथ्या दिवशी वाळते, तीच कुंडी जुलैत पंधरा दिवस ओली राहते. बोटाची दोन पेरं मातीत घाला, तिथपर्यंत कोरडं लागलं तरच पाणी घाला. घालाल तेव्हा मात्र तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घाला आणि ताटलीत उतरलेलं पाणी ओतून टाका. कुंडी उचलून पाहायची सवय लागली तर आणखी बरं. ओल्या आणि कोरड्या कुंडीच्या वजनातला फरक हाताला महिनाभरात कळायला लागतो.

पावसाचं पाणी झाडाला चांगलं, म्हणून जूनमध्ये कुंडी गॅलरीच्या कठड्यावर नेऊन ठेवणारे बरेच आहेत. एखादी सर अंगावर घ्यायला हरकत नाही, पानांवरची धूळ जाते. पण कोल्हापुरात एकदा लागलेला पाऊस दिवसचे दिवस हटत नाही. पहिल्या सरीनंतर कुंडी आत घ्या.

शेतातली काळी माती आणि बिनभोकाची कुंडी

गावाकडून येताना पिशवीभर काळी माती आणायची आणि कुंडीत भरायची, हे घरोघरी चालतं. पंचगंगेकाठची काळी माती उसाला सोनं आहे, पण कुंडीत ती पाणी धरून बसते आणि वाळली की दगडासारखी होऊन भेगाळते. मी दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत आणि मूठ-दोन मूठ विटांचे बारीक तुकडे घेते. मिश्रण ओलं करून मुठीत दाबायचं. मूठ उघडल्यावर गोळा बोटाच्या धक्क्याने फुटला की माती जमली. गुऱ्हाळावरचं ताजं चिपाड मात्र मिसळू नका. ते कुजताना मातीतलं नत्र खाऊन टाकतं आणि पानं फिकट पडतात.

दिवाणखान्यातल्या चिनी मातीच्या सुंदर कुंडीला बहुतेकदा भोकच नसतं. ती वापरायचीच असेल तर रोप भोकाच्या साध्या कुंडीत लावा आणि ती कुंडी आत ठेवा. तळाला खडी घातली म्हणजे काम झालं, असं नाही. पाणी खडीत साठतं आणि ओल वरच्या मातीत तशीच राहते. लहान रोपाला मोठी कुंडी देणंही टाळा. मुळं जिथवर पोचत नाहीत, तिथली माती ओलीच राहते.

कमी उजेड चालतो, अंधार नाही

मनी प्लांट मूळचं फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरचं. तिथे ते मोठ्या झाडांच्या सावलीत, खोडांना धरून वर चढतं. म्हणून त्याला पानांतून गाळून आलेला उजेड मानवतो. मंगळवार पेठ, शुक्रवार पेठेतल्या जुन्या लांबट घरांत मधल्या खोलीत दुपारीही दिवा लावावा लागतो. तिथे रोप मरत नाही, पण दोन पानांत वीतभर अंतर पडतं, पान बारीक होतं आणि त्यावरचे पिवळे पट्टे पुसट होत जातात. दिवा न लावता दुपारी पेपर वाचता आला पाहिजे, एवढा उजेड असू दे. पट्टे गेलेली हिरवी फांदी जिथे शेवटचं पट्टेदार पान आहे तिथवर छाटा आणि कुंडी खिडकीजवळ सरकवा.

उलट बाजूने, एप्रिल-मेमधलं पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन पान भाजतं. कागदासारखे वाळलेले तपकिरी डाग पडले तर तो रोग समजून औषध मारत बसू नका, कुंडी दोन हात मागे घ्या.

चहाचा चोथा आणि दुधाचा बोळा

उकळलेल्या चहाचा चोथा थेट कुंडीत टाकला की त्यातल्या दूध-साखरेवर मुंग्या येतात आणि ओल्या मातीवर चिलटं उडायला लागतात. धुऊन, वाळवून चिमूटभर घातला तर चालेल, नाहीतर कंपोस्टात जाऊ दे. पानं चमकावीत म्हणून दूध किंवा खोबरेल चोळतात, त्यावर धूळ चिकटून बसते. साध्या ओल्या फडक्याने पुसणं पुरेसं आहे. पुसताना पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, म्हणजे रोपावरची कीड. तो त्याच दिवशी फडक्याने काढा आणि दर तीन-चार दिवसांनी पुन्हा बघत राहा.

खत दोन-तीन महिन्यांतून मूठभर गांडूळखत, एवढंच. ऊन नसलेल्या पावसाळी आठवड्यांत तेही नको.

बाटलीतलं पाणी तसंच ठेवणं

ही चूक रोपाला नाही, घरातल्या माणसांना भोवते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. शोभेच्या बाटलीतलं मनी प्लांट त्याला आयतं घर देतं. दर आठवड्याला ठरलेल्या एका दिवशी पाणी बदला, आणि नुसतं बदलू नका. अंडी काचेला आतून चिकटलेली असतात, म्हणून बाटली ब्रशने घासून घ्या. कुंडीखालच्या ताटल्याही घासा.

लहान मूल किंवा मांजर असेल तर वेल उंचावर ठेवा. हे अळूच्या कुळातलं झाड आहे. कच्च्या अळूने घसा खवखवतो तो ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, तेच याच्या पानातही असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते.

नुसतं पान खोचणं

मनी प्लांट चोरून आणलं तरच वाढतं, या समजुतीपायी लोक जाता-जाता एखादं पान तोडतात. नुसत्या पानातून वेल येत नाही. ऊस लावताना टिपरीला डोळा लागतो, तसं इथे पेर लागतं. पेराजवळ तपकिरी गाठ दिसते, मूळ तिथूनच फुटतं. मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही.

काकूंचं रोप असंच वाचलं. मुळं गेली होती, पण वरची वेल हिरवी होती. धुतलेल्या कात्रीने दोन-दोन पेरांचे पाच तुकडे केले, खालचं पान काढलं आणि पेर बुडेल एवढ्या पाण्यात ठेवले. जुनी माती टाकून दिली, कुंडी साबणाने घासून वाळवली. एक तुकडा काळा पडला, तो काढून टाकला. बाकीच्यांना दहा-बारा दिवसांत पांढरे कोंब दिसले. मुळं बोटभर झाली की लगेच मातीत न्यायची. फार लांब होऊ दिली तर पाण्यात वाढलेली ती मुळं मातीत रुळायला वेळ घेतात. पहिले आठ-दहा दिवस माती किंचित ओलसर ठेवावी लागते, हे मी काकूंना सांगितलं. त्यानंतर मात्र बोट घालून बघितल्याशिवाय तांब्या उचलायचा नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं.