बॅक दाबल्यावर भरलेला फॉर्म परत येतो? या चुका टाळा

सिंगल पेज अ‍ॅपमध्ये (पान नव्याने न उघडता आतला मजकूर बदलणाऱ्या वेब अ‍ॅपमध्ये) बॅक बटण बिघडलं की नवशिका प्रोग्रॅमर दोनपैकी एक गोष्ट करतो. एकतर एखादं पॅकेज शोधतो, नाहीतर बॅक बंदच कसं करायचं ते शोधतो. ‘बॅक नीट कसं चालवायचं’ हे शोधणारा मला फार क्वचित भेटतो. ज्युनिअर मुलांचा कोड तपासताना दर महिन्याला त्याच त्या चुका दिसतात, म्हणून एकदा लिहूनच टाकतो. पुढच्या वेळी लिंक पाठवेन.

पुश करू की रिप्लेस, हे न ठरवता पुश करणं

माझ्या मते निम्मे घोटाळे इथले. पुशस्टेटने ब्राउझरच्या इतिहासात नवी नोंद चढते, रिप्लेसस्टेटने आत्ताचीच नोंद बदलते. एवढं सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण राउटरची (पत्ता बघून पान दाखवणाऱ्या कोडची) ‘नॅव्हिगेट’ची ओळ लिहिली की आतून मुकाट्याने पुश होतो, आणि त्यावर कुणी विचार करत नाही.

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंटांसाठी आम्ही वेब अ‍ॅप केलं होतं. एजंट दुकानादुकानांत फिरणार, यादीतून खातेदार निवडणार, रक्कम टाकणार, ‘जमा’ दाबणार, पावतीचं पान येणार. ऑफिसात चाचणी झकास झाली. पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी शाखेतून फोन आला, अ‍ॅपमधली जमा जास्त दाखवतेय आणि हातातली रोख कमी आहे. एका एजंटाच्या नावावर १,८५० रुपयांचा फरक होता. कॅशियरबाईंनी त्याला काउंटरपाशी बसवून ठेवलेलं, आणि तो बिचारा देवाच्या शपथा घेत होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर फिरलो. चौथ्या दुकानात उलगडा झाला. पावती आली, पुढच्या खातेदाराकडे जायला म्हणून त्याने फोनचं बॅक दाबलं, आणि समोर आला तोच भरलेला फॉर्म. रकमेत २०० तसेच, खाली ‘जमा’चं हिरवं बटण. ‘साहेब, नेट गेलं वाटतं, एंट्री पडली नाही,’ असं म्हणत त्याने ते परत दाबलं. मी त्याच्या शेजारी उभा होतो आणि मला घाम फुटला, कारण ती पुशची ओळ माझ्याच हातची होती.

इतिहासात यादी, फॉर्म, पावती अशी चळत झाली होती. पाहिजे होती यादी आणि पावती. फॉर्म यशस्वी झाला की त्याची जागा पावतीने घ्यायची, म्हणजे तिथे रिप्लेस. दुरुस्ती एका शब्दाची होती. पण त्या दिवसापासून मी आणखी एक करतो. फॉर्म उघडतानाच त्याला एक वेगळा क्रमांक देतो आणि तो हिस्टरीच्या स्टेटमध्ये, म्हणजे इतिहासातल्या नोंदीसोबत साठणाऱ्या माहितीत, ठेवतो. कुणी कसाही मागे येऊन पुन्हा जमा केलं तरी क्रमांक तोच जातो आणि सर्व्हर दुसरी नोंद नाकारतो. पैशाच्या कामात फक्त ब्राउझरवर भिस्त ठेवू नका.

कोडमध्ये पुश लिहिण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: बॅक दाबून माणसाला इथे परत यायचं असेल का? लॉगिनचं पान, मुख्य पत्त्यावरून डॅशबोर्डला पाठवणं, ‘कृपया थांबा’ हे पान, यांपैकी कुठेच त्याला परत यायचं नसतं. तिथे पुश केलात की बॅक दाबल्यावर तो मुख्य पत्त्यावर येतो, तुमचा कोड त्याला लगेच पुढे ढकलतो, आणि माणूस घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो. त्यात गंमत अशी की माणसाने काही न दाबता पानाने स्वतःहून चढवलेल्या नोंदी क्रोम २०१९ पासून बॅकवर वगळू शकतो. त्यामुळे ‘माझ्या मशीनवर चालतंय’ म्हणणाऱ्याचं खरंच चालत असतं.

शोधाच्या चौकटीत प्रत्येक अक्षराला पुश करणारे महाभागही आहेत. ‘कोल्हापूर’ टाइप केलं की मागे यायला बॅकच बॅक. सफारी तर थोड्या सेकंदांत शंभरावर पुश झाले की सरळ एरर फेकतो. टाइप करताना रिप्लेस, एंटर दाबल्यावर हवं तर एक पुश.

बॅक अडवणं

‘फॉर्म अर्धवट आहे, जाऊ देऊ नका,’ असं क्लायंट म्हणतो आणि कुणीतरी पॉपस्टेट, म्हणजे बॅक-फॉरवर्ड झाल्यावर ब्राउझर देतो तो इव्हेंट, पकडून लगेच पुन्हा पुश करतो. अरे, पॉपस्टेट रद्द करता येत नाही. तो येतो तेव्हा पत्ता आधीच बदललेला असतो. वरून पुश केल्याने पुढे जायच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. अर्धवट फॉर्मचा मसुदा जपून ठेवा आणि माणसाला जाऊ द्या. परत आला की मसुदा दाखवा. मला तरी यापेक्षा सोपं काही सापडलेलं नाही.

पॉपअप आणि फुलीचं बटण

मोबाइलवर पॉपअप उघडला की लोक बॅकनेच बंद करायला जातात, तेव्हा पॉपअप उघडताना एक नोंद चढवणं बरोबर आहे. चूक पुढे होते. फुली दाबल्यावर पॉपअप नुसता लपवतात आणि ती नोंद भुतासारखी मागे राहते. मग बॅक दाबलं की काहीच होत नाही, आणि तक्रार येते, ‘बॅक दोनदा दाबावं लागतं.’ फुलीनेही हिस्टरीतून मागेच जायचं, आणि पॉपअप बंद करायचं काम पॉपस्टेटवर एकाच ठिकाणी ठेवायचं. फक्त एक लक्षात ठेवा, मागे जाण्याची आज्ञा तिथल्या तिथे पूर्ण होत नाही. तिच्या पुढच्याच ओळीत नवं पान पुश केलंत तर कोण आधी पोचेल याचा भरवसा नाही. आधी पॉपस्टेट येऊ द्या, मग पुढे जा.

आणि पुश किंवा रिप्लेस केल्यावर पॉपस्टेट येत नाही. ‘इव्हेंट फायरच होत नाही’ म्हणून अर्धा दिवस घालवणाऱ्यांनी दस्तऐवजातलं एक पान वाचलं असतं तर दहा मिनिटांत जेवायला गेले असते.

बाकीच्या, थोडक्यात

यादीत बऱ्याच खाली जाऊन एक नोंद उघडली, बॅक केलं आणि यादी पुन्हा वर: डेटा उशिरा येतो, पान तोवर आखूड असतं, ब्राउझरला त्या जागेवर जाताच येत नाही. यादी मेमरीत धरून ठेवा, आधी ती रंगवा, मग स्क्रोल.

स्टेटमध्ये फंक्शन कोंबू नका, एरर येईल. अख्खी यादीही कोंबू नका. आयडी पुरतो.

अ‍ॅपमधल्या डाव्या बाणाला आंधळेपणाने ‘मागे’ जोडू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिंकवरून थेट आत आलेल्या माणसामागे इतिहासच नसतो. हिस्टरीची लांबी बघून ठरवू म्हणाल, तर तिच्यात पुढच्या नोंदीही मोजल्या जातात. मी प्रत्येक नोंदीच्या स्टेटमध्ये अनुक्रमांक ठेवतो. तो शून्य असेल तर बाण वरच्या यादीवर नेतो.

तपासायला लॅपटॉपवरचा क्रोम पुरेसा नाही. मी टेबलाच्या खणात तडा गेलेला एक जुना अँड्रॉइड ठेवलाय. नवं पान आलं की त्यावर बॅक, मग फॉरवर्ड, मग रिफ्रेश. रिफ्रेशला पान सापडलं नाही तर दोष बॅकचा नसतो. सर्व्हरवर सगळे पत्ते इंडेक्सच्या, म्हणजे मुख्य पानाकडे वळवायचे राहिलेले असतात.