सेवाज्येष्ठता अर्जात चालत नाही: सीनियर नर्सच्या लीडरशिप फेलोशिपचा माझा अनुभव

लीडरशिप फेलोशिपच्या, म्हणजे नर्सना नेतृत्व शिकवणाऱ्या कार्यक्रमाच्या, अर्जाची मुदत संपायला आठवडा उरला असताना हे वाचत असाल, तर यंदाचा अर्ज सोडा आणि पुढच्या वर्षाची तयारी आजपासून धरा. मी २०२३ मध्ये असाच आठवड्यात अर्ज भरला होता, नाइट संपवून, डोळ्यांवर झोप असताना. मुलाखतीला बोलावणंसुद्धा आलं नाही. पुढच्या वर्षी निवड झाली. मधल्या काळात मी फार हुशार झाले असं काही नाही. वॉर्ड तोच, पद तेच. एक गोष्ट मला उशिरा कळली, ती तुम्हाला आधी कळावी म्हणून लिहितेय.

मी इंग्लंडमध्ये वृद्धांच्या मेडिकल वॉर्डची मॅनेजर आहे, बॅण्ड सात (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतली, म्हणजे एनएचएसमधली, वेतनश्रेणी). जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा कोल्हापूरला, मग नऊ वर्षं पुण्यात आयसीयू, २०१८ मध्ये इकडे. ओईटी (इंग्रजीची परीक्षा), ऑस्की (प्रात्यक्षिक परीक्षा), एनएमसीचा पिन (तिथल्या नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक) ही वाट तुमच्यापैकी बहुतेकांनी तुडवलेली आहे, ती परत सांगत नाही. कोणकोणते कार्यक्रम आहेत हेही थोडक्यातच सांगते. १९३४ पासून चालत आलेलं फ्लॉरेन्स नाइटिंगेल फाउंडेशन आहे, त्यांच्या लीडरशिप स्कॉलरशिप्स असतात. एनएचएस लीडरशिप अकॅडमीचा मेरी सीकोल कार्यक्रम पहिल्यांदा टीम सांभाळणाऱ्यांसाठी, तर नाय बेव्हन थेट बोर्डाच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी. भारतात राहून काम करणाऱ्या वरिष्ठ नर्सनी आयसीएनची, म्हणजे आंतरराष्ट्रीय नर्सिंग परिषदेची, ग्लोबल नर्सिंग लीडरशिप इन्स्टिट्यूट पाहावी. ती २००९ पासून आहे आणि तिचा भर धोरणांवर असतो, वॉर्डच्या कामावर नाही. मी नेमका कुठे अर्ज केला ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की लोक तिथले प्रश्न पाठ करायला लागतात, आणि प्रश्न बदलत राहतात.

आता माझी चूक. ती नीट समजावी म्हणून आधी घरचं सांगते.

माझी आई जिल्हा रुग्णालयातून परिसेविका म्हणून निवृत्त झाली. आमच्या घरी बढतीचा विषय निघाला की बोलणं एकाच गोष्टीवर यायचं: ज्येष्ठता यादी. यादीत नंबर कितवा, वरच्या दोघी कधी रिटायर होणार, सहाय्यक अधिसेविकेची जागा कधी भरणार. कोण जास्त चांगलं काम करतं हा प्रश्नच नव्हता, कारण यादीला तो विचारता येत नाही. दर वर्षी १२ मेच्या सुमारास राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कारांची चर्चा व्हायची. १९७३ पासून केंद्र सरकार देतं तो. आईच्या एका मैत्रिणीने त्यासाठी फाइल तयार केली होती: सेवेची वर्षं, प्रशस्तिपत्रं, साथीत केलेलं काम, शिबिरांचे फोटो, सगळं ओळीने लावलेलं. ती फाइल मी शाळेत असताना हातात घेऊन पाहिली होती आणि मला ती फार भारी वाटली होती.

मी फेलोशिपचा अर्ज त्या फाइलसारखा भरला.

पहिलं वाक्य होतं, मी गेली चौदा वर्षं निष्ठेने रुग्णसेवा करत आहे. मग कोविडमधल्या ड्युट्या, मग मी शिकवलेल्या नव्या नर्सेस, मग मिळालेली आभारपत्रं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. पण पुरस्कार देणारे मागे पाहतात, झालेल्या कामाचं मोल करतात. फेलोशिप देणारे पुढे पाहतात. त्यांना तुमच्यावर वर्षभर पैसा आणि वेळ घालायचा असतो, त्यामुळे त्यांचा प्रश्न सरळ असतो: या बाईला असं काय करायचंय जे तिला आज जमत नाही, आणि आमच्याकडे आल्यावर ते जमेल का? माझ्या अर्जात मला सगळंच जमत होतं. मग मला कशाला घेतील?

नकाराच्या मेलनंतर मी फीडबॅक मागितला. तुम्हीही मागा, लाजू नका, आणि लेखी मागा. त्यात एवढंच होतं की तुमचा प्रवास कळला, पण तुम्हाला पुढे काय बदलायचं आहे आणि त्यासाठी काय शिकायचं आहे ते कळलं नाही. मला आधी राग आला. चौदा वर्षं यांना दिसली नाहीत का, असं वाटलं. तो राग ओसरायला दोन महिने गेले. तुमचाही ओसरेल.

हे उदाहरण देऊनच सांगते, कारण नुसतं 'पुढचं लिहा' असं मलाही दोघींनी आधी सांगितलं होतं आणि मला ते समजलं नव्हतं.

आमच्या वॉर्डात मध्यरात्रीनंतरच्या ऑब्ज, म्हणजे पेशंटची नाडी, बीपी, ऑक्सिजन वगैरेच्या नोंदी, उशिरा व्हायच्या. त्या नोंदींवरून पेशंट किती बिघडलाय ते सांगणारा न्यूज टू स्कोअर पाचवर गेला की तातडीने दाखवायचं, सातवर गेला की इमर्जन्सी टीम, हे तुम्हाला पाठ आहे. पण ऑब्ज घेतलीच नाही तर स्कोअर कुठून येणार? पहिल्या अर्जात मी याबद्दल लिहिलं होतं: आम्ही स्टाफला ट्रेनिंग दिलं, पोस्टर लावली, टीमने खूप सहकार्य केलं, ऑब्ज सुधारल्या. वाचा परत. ठरवलं कोणी? आधी परिस्थिती काय होती? अडचण कुठली आली? काहीच नाही त्यात.

आणि खरी हकीकत अशी होती. सगळे म्हणायचे, रात्री स्टाफ कमी असतो म्हणून उशीर होतो. मला ते पटत नव्हतं. मी पाच रात्री स्वतः नाइट लावून घेतल्या आणि एक कागद खिशात ठेवला. ऑब्ज उशिरा झाली की त्या वेळी नर्स काय करत होती तेवढंच लिहायचं. पाचव्या रात्री कागद पाहिला तर सगळ्यांत जास्त वेळा एकच नोंद: ऑब्जचं मशीन शोधत होती. वॉर्डात चार मशीन. त्यांतल्या दोन मध्यरात्रीनंतर बंद पडायच्या, कारण चार्जिंगचे सॉकेट लिननच्या कपाटामागे, आणि दिवसभरात तिथपर्यंत मशीन नेऊन लावायला कोणाला फुरसत नाही. मी ठरवलं की मशीन चार्जिंगला लावल्याशिवाय संध्याकाळचं ओव्हर (पुढच्या शिफ्टकडे वॉर्ड सोपवणं) पूर्ण झालं असं धरायचं नाही. दुसऱ्याच दिवशी एका सीनियर सिस्टरने तोंडावर सांगितलं की ओव्हर आधीच लांबतं, आमची बस चुकते, हे आठवडाभरसुद्धा टिकणार नाही. तिचं बरोबर होतं. आठवड्याच्या आत सगळं बंद. मग आम्ही ते काम संध्याकाळच्या चहाच्या राउंडला जोडलं, हेल्थकेअर असिस्टंटने ट्रॉली परत नेताना मशीन लावायची. ते टिकलं. ऑब्ज वेळेवर व्हायला लागल्या आणि मी आधीच्या आणि नंतरच्या नोंदी एका रन चार्टवर, म्हणजे काळानुसार बदल दाखवणाऱ्या आलेखावर, मांडल्या.

एवढं लिहिलंत तरी अर्ज अर्धाच होतो. उरलेला अर्धा लिहिताना मला हात आखडला. मी लिहिलं की हीच अडचण आमच्या मजल्यावरच्या इतर वॉर्डांतही आहे, पण उपकरणांचं बजेट ठरतं त्या मीटिंगमध्ये मी एकदा बोलले आणि माझं म्हणणं दोन मिनिटांत बाजूला पडलं. मला आकडे पैशांच्या भाषेत मांडता येत नाहीत. माझ्यावरच्या लोकांशी मतभेद झाला की मी गप्प बसते. माझ्या वॉर्डात माझा शब्द चालतो, वॉर्डाच्या दाराबाहेर चालत नाही, आणि मला तो चालवायला शिकायचं आहे. हे लिहिताना मला आईची ज्येष्ठता यादी आठवत होती. सीनियर बाईने 'मला येत नाही' असं लेखी द्यायचं, ही आपल्याकडची रीतच नाही. पण निवड झाली ती याच परिच्छेदावर, असं मला ठामपणे वाटतं. माझा शिकण्याचा आराखडा पुढे याच तीन वाक्यांवर उभा राहिला.

त्यातच एक छोटी गोष्ट. आपण मराठी माणसं स्वतःच्या कामाबद्दल 'आम्ही केलं' म्हणतो, आणि ते संस्कारातून येतं. अर्ज इंग्रजीत लिहितानाही तसंच होतं. मसुदा झाला की प्रत्येक 'आम्ही' खाली रेघ मारा आणि विचारा, यातलं मी काय केलं? टीमचं श्रेय टीमला द्याच, पण निर्णय तुमचा असेल तिथे 'मी' लिहा. तो उद्धटपणा नाही.

सह्या. आठवडा पुरत नाही असं मी म्हणते ते यासाठी. लाइन मॅनेजरचा पाठिंबा लागतो, बहुतेक ठिकाणी त्यावरच्या पदाची सही लागते, स्टडी लीव्ह कबूल करून घ्यावी लागते. पहिल्या वर्षी मी माझ्या मॅनेजरला दोन दिवस दिले. तिने शुक्रवारी संध्याकाळी दोन ओळी लिहिल्या, त्या कोणत्याही नर्सबद्दल चालल्या असत्या. दोष तिचा नव्हता. दुसऱ्या वर्षी दहा आठवडे आधी भेटले, मसुदा दिला, ती बजेटच्या मीटिंगची गोष्ट सांगितली. तिने त्या मीटिंगबद्दल स्वतःच एक परिच्छेद लिहिला, कारण ती तिथे हजर होती.

मेंटरबद्दल माझं मत जरा टोकाचं आहे, पण सांगते. फक्त कौतुक करणारा मेंटर काही कामाचा नाही. आपल्याच गावची, आपल्याच बॅचची मैत्रीण मन मोकळं करायला हवी, मेंटर म्हणून नको, ती तुमचा अर्ज तुमच्याच डोळ्यांनी वाचेल. आणि लाइन मॅनेजरला मेंटर करू नका, कारण तुम्हाला काय जमत नाही हे तिच्याशी मोकळेपणाने बोलता येत नाही, रोटा, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, तिच्या हातात असतो. मला मिळाली ती दुसऱ्या हॉस्पिटलची निवृत्त मेट्रन (वॉर्ड मॅनेजरच्या वरचं पद). तिने माझा मसुदा वाचून पहिल्या पानावर फक्त एक प्रश्न लिहिला: बरं, मग? मला दोन दिवस वाईट वाटत होतं. नंतर तेच दोन शब्द मी प्रत्येक परिच्छेदाला विचारायला लागले.

शॉर्टकटबद्दल. वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'निवड झालेला अर्ज' म्हणून फायली फिरतात, काही जण पैसे घेऊन लिहून देतात, आता एआयकडूनही लिहून घेतात. करू नका. नैतिकतेचा भाग आहेच, पण साधं व्यवहाराचं सांगते: मुलाखतीत त्याच अर्जातलं वाक्य उचलून प्रश्न विचारतात, आणि तुम्ही न जगलेल्या गोष्टीचा दुसरा प्रश्न आला की बोलती बंद होते. इंग्रजीची भीती मात्र सोडा. माझं इंग्रजी आजही साधंच आहे. छोटी वाक्यं लिहा, व्याकरण कोणाकडून तरी तपासून घ्या, पण वाक्यं बदलू देऊ नका. दर तीन वर्षांनी रिव्हॅलिडेशनसाठी, म्हणजे एनएमसीची नोंदणी टिकवण्यासाठी, पाच रिफ्लेक्शन (स्वतःच्या कामावरची टिपणं) लिहिताच ना? तीच भाषा पुरते. आणि त्याच नियमाने पेशंटची ओळख पटेल असा एकही तपशील अर्जात जाऊ देऊ नका.

'आपल्यासारख्यांना घेतात का?' असं मला बऱ्याच जणी विचारतात. खोटं सांगणार नाही, वरच्या पदांवर आपली माणसं कमी दिसतात. त्यासाठी एनएचएसने २०१५ मध्ये वर्कफोर्स रेस इक्वालिटी स्टँडर्ड, म्हणजे वंशावरून कर्मचाऱ्यांत भेद होतो का ते मोजणारं मानक, लागू केलं आणि त्याचे आकडे दर वर्षी जाहीर होतात. तुमच्या ट्रस्टचे (हॉस्पिटल चालवणाऱ्या एनएचएस संस्थेचे) आकडे काढून वाचा. मला ते वाचून बळ आलं, कारण मीटिंगमध्ये माझं बोलणं बाजूला पडलं त्याचा सगळा दोष माझा एकटीचा नव्हता हे दिसलं. तरी अर्ज नुसत्या तक्रारीवर उभा करू नका. अन्याय झाला असेल तर तो लिहा, आणि त्याच्यापुढे तुम्ही काय करणार तेही लिहा.

मुलाखतीचं एकच सांगते. पॅनलमधल्या एकीने विचारलं, तुम्ही रजेवर गेल्यावर हे मशीनचं काम चालू राहतं का? मी 'हो, टीम खूप छान आहे' असं उत्तर पाठ करून गेले होते. पण त्याच वर्षी आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी तीन आठवडे कोल्हापूरला होते आणि परत आले तेव्हा कपाटामागचे सॉकेट रिकामे होते. मी तेच सांगितलं. मग सांगितलं की परत आल्यावर मी ते काम एका हेल्थकेअर असिस्टंटच्या नावावर केलं, नोंदवहीही तिच्याकडेच दिली, आणि पुढच्या रजेत ते थांबलं नाही. मुलाखतीतला सगळ्यांत जास्त वेळ याच गोष्टीवर गेला.

निकाल आला त्या दिवशी स्टाफ कमी असल्याने मी औषधांच्या राउंडला होते. औषधं देताना कोणी मध्ये बोलू नये म्हणून घालायचा लाल टॅबर्ड (बिनबाह्यांचा एप्रन) अंगात असताना मोबाइल काढायचा नसतो, त्यामुळे मेल तासाभराने वाचला. आईला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, "म्हणजे आता मेट्रन झालीस का गं?" नाही झाले, अजून बॅण्ड सातच आहे. फेलोशिपने पगार वाढत नाही, पद बदलत नाही. उलट त्या वर्षात जेवढे दिवस बाहेर जाता, तेवढ्या दिवसांचा रोटा तुम्हालाच आधी जुळवून ठेवावा लागतो. म्हणून मॅनेजरकडे सहीला जाल तेव्हा तारखा सोबत घेऊनच जा.